चिनी डोळे

चिंचवड,
१४ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. शालन हिला थोरल्या जावेचे आशीर्वाद. तुला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुझे भाऊ सयाजीराव वाचून दाखवतील. त्यांनी मधलं गाळून वाचू नये, एवढी विनंती.

भैरूच्या गाडीतून एक खोकं पाठवलं आहे. तो चाकणच्या बाजाराला येतो, तुमच्या दारावरूनच जातो. खोक्यात काचा आहेत, भाताच्या पेंढ्यात नीट घातलेल्या. देहूरोडच्या डेपोच्या लिलावात मिळाल्या. जुन्या, पातळ, मधेच लाट आल्यासारख्या. मुंबईच्या शेटना तशाच लागतात. आपल्या पंखेवाल्या बायका आणि राधाकृष्ण ते साहेबलोकांना विकतात, इंग्रजी अमदानीत पुण्याच्या लष्करात जो चिनी चितारी होता त्याच्या हातचे म्हणून. आपण ती चित्रं गोवऱ्यांच्या धुरावर टांगून जुनी करतो, हे त्यांना ठाऊक आहे आणि ते त्याबद्दल बोलत नाहीत.

तुला वाटेल, वर्षभराने बाईंना माझी आठवण कशी झाली. आठवण झालेली नाही, अडचण झाली आहे. सासूबाईंना आता दिसत नाही, म्हणून तू गेल्यावर डोळे ह्यांनी काढून पाहिले. शेटनी चित्र खिडकीशी धरलं आणि म्हणाले, उद्धवराव, ही बाई पंख्याआडून बघत नाही, हिला मोतीबिंदू झालाय. ह्यांनी समजावून सांगितलं की मूर्तीवाले डोळे शेवटी उघडतात, पण आमचं काम काचेच्या पाठीवर. समोरून जे सगळ्यात वर दिसायचं ते आम्हाला आधी काढावं लागतं, म्हणून डोळे पहिले, आणि एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. शेट म्हणाले, ते मला काय सांगता, ती पहिली बाई कुठे गेली ते सांगा. सगळा माल परत आला.

तर तू फक्त डोळे काढायचे आणि काचा परत पाठवायच्या. बाकीचं इथे होईल. तुला घरात घ्यायचं की नाही हा वेगळा विषय आहे, आणि तो मी काढणार नाही.

छबूची विचारपूस करशील म्हणून लिहिते. बरी आहे. पहिले काही दिवस उंबऱ्याशी बसून असायची. आता मला आई म्हणते. पोर ज्या घरची त्या घरात आहे, यात कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. काम चांगलं झालं तर तिच्या भेटीचं सासूबाईंपाशी बोलेन. बोलेन म्हटलंय, भेटवीन म्हटलेलं नाही.

सुभद्रा

चिंचवड,
२० फेब्रुवारी १९५४

चि. सौ. शालन हिला आशीर्वाद.

काचा पोचल्या. एकही तडकली नाही, तेवढं भैरूचं कौतुक. मग बाकीचं काम इथे झालं, आणि परवा शेट स्वतः येऊन गेले. एकेक काच फिरवून फिरवून पाहत होते. लांबट डोळा, त्याचं शेपूट कानाकडे चढलेलं, बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं. शेट म्हणाले, चिनी मेला असं कोण म्हणतं. ह्यांनी मान डोलावली, जणू ह्यांनीच काढले होते.

आता तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट. तू लिहवून घेतलंस की इनामदारांच्या गणपतीची सोंड तू काढलीच नव्हतीस. नव्हतीसच. कोण म्हणतं काढलीस? डोळे तू काढलेस. मग कागदावरचा खाका काचेखाली ठेवून त्यावरून रेघा मी ओढल्या. खाका पालथा घालायचा असतो, तो उताणा पडला आणि डावीकडची सोंड उजवीकडे गेली. उजेड कमी होता. इनामदारांनी चित्र देवघरात लावलं, उजव्या सोंडेच्या देवाचं कडक सोवळं त्यांच्याकडून पाळलं गेलं नाही, आणि महिन्याच्या आत त्यांची सून बाळंतपणात गेली. चित्र त्यांनी आपल्या दारात आणून ठेवलं, ते सगळ्या गल्लीने पाहिलं.

यात दोष कुणाचा हे मी ठरवलेलं नाही. आपल्या घरात पहिल्यापासून एकच म्हणणं आहे, ज्याने डोळे उघडले त्याचा देव. चित्र चांगलं उतरलं की लोक म्हणायचे, हा धाकटीचा देव. तेव्हा तू कधी म्हणाली नाहीस की मी नुसते डोळे काढले, सोंड बाईंची आहे. गोड ते खायचं आणि कडू ते थुंकायचं, असं चालत नाही. तू त्या दिवशी विटाळशी असताना काचेला हात लावलास असंही मी म्हटलं होतं. ते खरं का खोटं याची कुणी विचारपूस केली नाही. सगळ्यांना लगेच पटलं आणि तुला माहेरी धाडलं, त्याला मी काय करू?

आणि थोरली-धाकटीचं निघालंच आहे तर तेही ऐक. त्या चिनी चिताऱ्याचे रंग आपले आजेसासरे खलत असत. पण चिन्याने आपला कुंचल्याचा हात दिला तो आजेसासूबाईंना, कारण त्या परमुलखातल्या माणसाला पिठलं-भाकरी त्या वाढत होत्या. तेव्हापासून या घरात हात सुनेला देतात. लेकीला देत नाहीत, लेक तो दुसऱ्याच्या घरी घेऊन जाते. मी या घरात तुझ्या आधी आले. दिव्याची काजळी धरली, हिंगूळ खलला, जवसाचं तेल कढवता कढवता हाताला फोड आले. मग तू आलीस. सासूबाईंनी तुझ्या हातून एक रेघ ओढून घेतली आणि मला म्हणाल्या, “हिचा हात हाय, सुभद्रे. तुझा न्हाई.” त्या दिवशी मला तुझा राग आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभसुद्धा अजून जळलेला नाही.

भेटीचं सासूबाईंपाशी बोलले. त्या म्हणाल्या, बघू. नव्या काचा पाठवत आहे.

सुभद्रा

चिंचवड,
९ ऑगस्ट १९५४

चि. सौ. शालन हिला आशीर्वाद.

तू न विचारता आलीस, हे बरं केलं नाहीस. इंद्रायणीला एवढं पाणी असताना चालत आलीस. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते, ते पाहून शेजारची सोजराबाई हळहळली. तिच्या घरी उतरायचं होतंस मग. दारात उभी केली म्हणून सयाजीराव रागावले आहेत. आत घेतली असती तर गल्ली म्हणाली असती की इनामदारांची सून जिने खाल्ली तिला यांनी पाटावर बसवली. तुला पाणी दिलं होतं. तांब्या नंतर विस्तवातून काढला, तेही तुझ्यासमोर केलं नाही.

छबू माझ्यामागे लपली, ते मी शिकवलं नव्हतं. तू दोनदा हाक मारलीस आणि तिने माझा पदर घट्ट धरला. तेव्हा तुझं तोंड जे झालं ते पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

दत्तूभावजी मागच्या दाराने निघून गेले, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. नवरा म्हणून ते काही करतील ही आशा सोड. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहतोय, तिथे लागले आहेत. सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात आणि जेवून भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी विचारलं होतं, शालनला आणायची का? म्हणाले, वहिनी, घरात भांडण नको. हे उत्तर तुला पुरे असावं.

जाताना तू एक मागणं मागितलंस, त्याचा मी विचार केला. नुसते डोळे काढलेली काच इथे आली की त्यावर दुसऱ्या रेघा पडायच्या आधी ती छबूला समोरून दाखवायची, एवढंच तुझं म्हणणं. तेवढे डोळे तिच्याकडे बघतील म्हणालीस. ते मला मान्य आहे, त्यात माझं काही जात नाही. परवा एक काच तिच्यासमोर धरली. कोऱ्या काचेवर नुसते दोन डोळे. पोर बराच वेळ मांडी घालून बसली आणि मग तिने विचारलं, ही कोण बघतीय. मी सांगितलं, कुणी नाही, काच आहे.

सुभद्रा

चिंचवड,
३ मे १९५५

चि. सौ. शालन हिला आशीर्वाद.

सयाजीरावांनी चार माणसं आणून बैठक घेतली, घरची गोष्ट चावडीवर नेली. ह्यांना ते लागलं. तरी जे ठरलं ते ठरलं, आणि तू बायकांत मागे बसली होतीस म्हणून नीट लिहून कळवते. छबूला दहावं लागलं की त्या पाडव्याला तिला चाकणला पाठवायची. म्हणजे सत्तावन्नचा पाडवा. तोवर डोळ्यांचं काम तू बिनतक्रार करायचं, आणि तोवर दाराशी यायचं नाही.

हा शब्द ह्यांनी दिला असला तरी द्यायला मी सांगितलं. दहा वर्षांची परकरी पोर घरात ठेवून मला काय करायचंय? आज ना उद्या तिचं लग्न आलं. मामाने आपल्या हौसेने करावं. मी सयाजीरावांना आतून निरोप पाठवला की हो म्हणते आहे, तेव्हा जास्त ताणू नका. त्यांना वाटलं ते जिंकले. वाटू दे.

छबू शाळेत जाते. दुसरीत आहे. बोलते कमी. अंगाने तुझ्यावर गेली आहे, हाडकुळी.

मागच्या दोन खोक्यांच्या तळाशी पेंढ्यात काचेचे तुकडे सापडले. एकावर एकच रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर आणखी एक, आणि शेवटच्या तुकड्यावर पुरा डोळा. काचा हलू नयेत म्हणून घातले असतील असं मी ह्यांना सांगितलं. छबूला खेळायला दिले. आता ती ते उशाखाली घेऊन झोपते. एकदा गाल कापला, तरी द्यायला तयार नाही. घालत जा तुकडे, माझी हरकत नाही. पोर एका जागी बसून राहते, माझ्या पायात येत नाही.

सुभद्रा

चिंचवड,
१८ डिसेंबर १९५६

चि. सौ. शालन हिला आशीर्वाद.

सासूबाई गेल्या. दिवाळीच्या आधीच गेल्या. तुला कळवलं नाही, कारण तू आली असतीस. शेवटी शेवटी त्यांना माणूस ओळखू येत नव्हता. मी पाणी पाजायला बसले की मला शालन म्हणायच्या. पाच-सहा दिवस मी शालन होऊन त्यांचं सगळं केलं, अंथरूण धुतलं. जीव जाताना माझ्या बोटांवरून हात फिरवत म्हणाल्या, हात जपून ठेव, पोरी. मी हो म्हटलं. यातलं तुला काही नको असेल, पण सांगायला दुसरं कोण आहे मला?

छबूला परवा मारावं लागलं. कंदिलाची काच काजळली होती, ती पुसायला दिली. तासाने पाहते तर काच तशीच, आणि ही काडी घेऊन बसलेली. काजळीत डोळे काढले होते, काचभर. लहान, मोठे, शेपूट कानाकडे चढलेले. मारलं ते कंदील वेळेवर लागला नाही म्हणून. डोळ्यांबद्दल मी काही बोलले नाही.

यंदा खोकी कमी येतील. शेटना सध्या घाई नाही.

भैरू सांगत होता की तू पोरीसाठी परकर-पोलकी शिवून ठेवली आहेस आणि सयाजीरावांनी पडवीत तुम्हा दोघींसाठी कूड घातला. त्याने कौतुकाने सांगितलं. माप मोठं धर. पोर वाढते आहे.

सुभद्रा

चिंचवड,
२७ मार्च १९५७

चि. सौ. शालन हिला आशीर्वाद.

पाडव्याला गाडी जुंपू नका. छबू येणार नाही.

सयाजीराव म्हणतील, शब्द दिला होता. दिला होता, आणि दिला तेव्हा तो पाळायचाही होता. पण मधे तू जे केलंस त्याने सगळं फिरलं, म्हणून आज सगळं उघड लिहिते.

ते तुकडे कशासाठी येत होते, हे मला पहिल्या खोक्यापासून कळलं होतं. मला हात नाही, पण मी या घरात इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात पाहत आले आहे. तुला लिहिता येत नाही, लेकीला भेटता येत नाही, मग तू तिच्याशी रेघेने बोलायला लागलीस. आज एक रेघ, पुढच्या बाजारी दुसरी. तिने त्या गिरवल्या. आधी पाटीवर, मग माझ्या देखत फुटक्या काचांवर. मी थांबवलं नाही. लेकीला हात द्यायचा नाही ही या घरची रीत तू मोडलीस, मी नुसती बघत बसले. सासूबाईंना दिसत असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी खोकी बंद केली असती, आणि त्यात तुझंच भलं होतं.

कंदिलाचा प्रकार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात कुंचला दिला. संक्रांतीला मुंबईला गेलेल्या मालात निम्मे डोळे तुझे होते आणि निम्मे तिचे. शेटना ओळखता आले नाहीत. मलाही आले नाहीत. तिचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे. यापुढे तुझ्याकडे काचा येणार नाहीत.

असा हात घरातून जाऊ द्यायचा नसतो. लेक जाते, म्हणून गेल्या आठवड्यात सुपारी फोडली. माझा भाऊ भिमाजी, त्याचा थोरला मुलगा. घरजावई म्हणून इथेच राहील, रंगाचं काम शिकेल. तिच्याहून बराच मोठा आहे. तापट आहे, मागे एकदा आईवर हात उगारला होता, पण माझं ऐकतो. अक्षता ती वयात आली की. दत्तूभावजींनी मान हलवली. बाप ते आहेत, तेव्हा सयाजीरावांनी कोर्टाची भाषा करून पदरचं घालवू नये.

छबूला मी आधी काही सांगितलं नव्हतं. सुपारीच्या दिवशी सकाळी तिला नवं लुगडं नेसवलं, तर तिला वाटलं चाकणला निघायचंय. धावत गेली आणि स्वतः काढलेल्या सगळ्या काचा आणून भिंतीशी ओळीने लावल्या. मग मला म्हणाली, “मला समदे डोळे जमले. आता मला आईकडं धाडणार ना?”

डोळे जमले की सोडतात, अशी तिची समजूत होती. ती कुणी करून दिली नव्हती, तिची तीच झाली होती. तुकडे आईकडून येतात हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं पोर त्या काचांपाशी मांडी घालून बसली ती याच्यासाठी. चार वर्षं मला आई म्हणत होती आणि त्या दिवशी माझ्या तोंडावर तो शब्द तुझ्यासाठी वापरला. मला त्याचं फार लागलं, शालन. मी तिला तिथेच जे खरं ते सांगितलं, की डोळे जमले म्हणूनच आता धाडणार नाही.

रडली नाही. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून कामाला बसली. आता तिचे डोळे जरा खाली बघतात. शेट म्हणाले, हे आधीच्यांपेक्षा जास्त जुने वाटतात, असेच येऊ द्या.

तू म्हणशील मी हे बैठकीच्या दिवसापासूनच ठरवून बसले होते. देवाशपथ सांगते, नाही. त्या पोरीत मला घेण्यासारखं काही नव्हतं. तू तिला नुसती आंधळी माया पाठवली असतीस, हात पाठवला नसतास, तर चार दिवसांनी पाडव्याला मी स्वतः तिची वेणी घातली असती आणि भैरूच्या गाडीत बसवून दिली असती.

सुभद्रा